युरोपच्या सीमा, नागपूरची भिंत: नकाशा बघायला येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीड वर्ष खपून आम्ही चौघांनी युरोप खंडाच्या स्थलांतर आणि सीमा धोरणांचा एक भिंतीवरचा नकाशा तयार केला. सहा फूट बाय साडेचार फूट. मी भूगोल शिकवते. बाकीच्या तिघांत एक निवृत्त ड्राफ्ट्समन आणि माझ्या दोन माजी विद्यार्थिनी. धरमपेठेतल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत नकाशा लावला आहे आणि रविवारी सकाळी लोक बघायला येतात. बहुतेकांचे प्रश्न सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न दोन ओळींत संपणारे नाहीत.

हा नकाशा नेमका काय दाखवतो?

देशांच्या हद्दी कुठल्याही शालेय नकाशासंग्रहात सापडतात. आम्हाला दुसरंच दाखवायचं होतं. एखादा माणूस युरोपकडे निघाला तर तो कुठे अडवला जातो, कोण अडवतं आणि कोणत्या नियमाने, हे. म्हणून हंगेरीचं कुंपण या नकाशावर आहे, तसाच लिबियाचा किनाराही आहे. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मुंबईही आहे, कारण महाराष्ट्रातल्या माणसासाठी युरोपची सीमा बहुतेक वेळा तिथेच, व्हिसाच्या खिडकीपाशी लागते.

नागपुरात बसून युरोपच्या सीमांचा नकाशा काहून बाप्पा?

हा प्रश्न अगदी याच शब्दांत पहिल्या रविवारी एका आजोबांनी विचारला होता. त्यांना दिलेलं उत्तरच इथे देते.

आपलं शहर हद्दींच्या बाबतीत अनुभवी आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग १९५० पासून मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं नागपूर १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि १९६० साली महाराष्ट्रात आलं. घर, गल्ली, चौक सगळं जागेवर होतं, राजधानी तेवढी हलली. शहरातल्या जरीपटका भागात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं आहेत. पुढे पाकिस्तानातून आलेले आणि वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारे लोकही इथे आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार देशातल्या ज्या मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत नागपूर होतं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात ज्यांच्याकडून आपण स्वेटर घेतो त्या तिबेटी लोकांपैकी अनेकांकडे भारतीय पासपोर्ट नसतो. नोंदणी प्रमाणपत्र असतं आणि परदेशी जायचं तर पिवळ्या रंगाचं ओळखपत्र. गडचिरोलीत चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावंच्या गावं वसलेली आहेत.

तेव्हा कागदावरून माणसाचं आयुष्य ठरतं ही गोष्ट इथल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. आणि झिरो माईलच्या दगडाला वळसा घालून रोज कामाला जाणाऱ्या शहरात नकाशावर बोलायला आणखी कोणतं निमित्त हवं? तो खांब इंग्रजांच्या सर्वेक्षणाचा. कुठून मोजायचं आणि कोणी मोजायचं हे ज्याच्या हातात, नकाशा त्याचा, हे मी मुलांना त्या खांबाशेजारच्या चार दगडी घोड्यांपाशी उभं करून शिकवते.

पण युरोपात आता सीमाच उरल्या नाहीत ना?

अर्धं खरं आहे. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या लहानशा गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, पाच देशांनी करार केला: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. आपसातली तपासणी हळूहळू काढून टाकायची, असं ठरलं. प्रत्यक्षात तपासनाके उठले ते २६ मार्च १९९५ रोजी. आज या क्षेत्रात २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ च्या पहिल्या दिवशी आला. रोमेनिया आणि बल्गेरियाचे विमानतळ आणि बंदरं मार्च २०२४ अखेर खुली झाली आणि जमिनीवरची तपासणी १ जानेवारी २०२५ पासून उठली.

आतल्या भिंती पाडल्या की बाहेरची भिंत जाड करावी लागते, हा या कराराचा दुसरा भाग. सुरुवातीला त्याबद्दल फार कोणी बोलत नव्हतं. लिस्बनमध्ये उतरलेला माणूस कोणी न अडवता वॉर्सापर्यंत जाणार असेल, तर लिस्बनचा अधिकारी पोलंडच्या वतीनेही पासपोर्ट बघत असतो. म्हणून व्हिसाचे नियम एक झाले, माहितीचे साठे एक झाले, २००४ मध्ये फ्रॉन्टेक्स ही सीमा संस्था आली आणि तिचं मुख्यालय वॉर्सात थाटलं गेलं. नकाशावर आतल्या हद्दी फिक्या राखाडी आणि बाहेरची कड गडद निळी का, याचं कारण हेच.

त्या राखाडी रेषांवर काही ठिकाणी पेन्सिलीने तुटक खुणा दिसतील. आत पुन्हा सुरू झालेल्या तपासणीच्या त्या खुणा आहेत. फ्रान्सने नोव्हेंबर २०१५ मध्ये तपासणी आणली आणि तिची मुदत वाढवत नेली. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनी हद्दींवर ती सुरू केली. कायद्यानुसार ही व्यवस्था तात्पुरती असते, म्हणून खुणा शाईने केल्या नाहीत.

युरोपीय संघ आणि शेंगेन एकच का?

नाही. संघात २७ देश आहेत, त्यांतले २५ शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस बाहेर. उलट नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि लिख्टेनस्टाइन संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत.

खरी डोकेदुखी कडेकडेला सापडते. फ्रान्सची सगळ्यांत लांब जमिनी हद्द कोणत्या देशाशी, असं मी येणाऱ्या मुलांना विचारते. उत्तर आहे ब्राझील, कारण दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गयाना हे फ्रान्सच आहे. ते युरोपीय संघाचा भाग आहे, शेंगेनचा नाही. स्वालबार्ड बेटं नॉर्वेची असूनही शेंगेनबाहेर. तिथे राहायला कोणत्याही देशाच्या माणसाला व्हिसा लागत नाही, पण तिथे पोचायचं तर बहुतेकांना नॉर्वेतूनच जावं लागतं आणि नॉर्वेला व्हिसा लागतो. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची सेउता आणि मेलिला ही दोन शहरं स्पेनची. आफ्रिकेच्या भूमीवरची युरोपीय संघाची जमिनी सीमा म्हणजे तेवढीच. तिथली कुंपणं १९९०च्या दशकापासून आहेत.

नॉर्वे इतका लहान का दिसतो? तुमचा नकाशा चुकला आहे का?

आपल्या डोळ्यांना मर्केटरच्या नकाशाची सवय झाली आहे. १५६९ सालचं ते प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची रीत, जहाजं हाकायला बनवलेलं होतं. त्यात दिशा बरोबर राहते, पण उत्तरेकडे जाल तसं क्षेत्रफळ फुगत जातं. नॉर्वेची मुख्य भूमी आपल्या महाराष्ट्रापेक्षा किंचितच मोठी आहे. मर्केटरवर मात्र ती महाराष्ट्राच्या चार-पाच पट दिसते.

आम्ही लाम्बर्टचं समक्षेत्र प्रक्षेपण वापरलं आहे, मूळ १७७२ सालचं. केंद्र ५२ अंश उत्तर, १० अंश पूर्व. युरोपची आकडेवारी नकाशावर मांडताना तिथली सरकारी कार्यालयंही हेच वापरतात. यात कडेला आकार थोडे वाकतात, पण जमिनीचं माप खरं राहतं. हंगेरी विदर्भापेक्षा थोडा लहान आहे, आणि तेवढाच दिसतो. कोणत्या देशाने किती माणसं घेतली हे दाखवताना देशच फुगवलेला असेल, तर बघणाऱ्याची फसवणूक होते.

स्थलांतराच्या नकाशावर बाण असतात. तुमच्याकडे एकही बाण कसा नाही?

आमच्या चौघांचे सगळ्यांत जास्त वाद या एका गोष्टीवर झाले.

पहिल्या खर्ड्यात बाण होते. जाड, लाल, आफ्रिकेतून आणि पश्चिम आशियातून युरोपच्या अंगावर येणारे. वर्तमानपत्रांत आणि सरकारी अहवालांत असेच असतात, म्हणून आम्हीही तसेच काढले. प्लॉटरवरून प्रिंट आली, भिंतीला लावली आणि आमचे ड्राफ्ट्समन काका मागे सरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा तर पानिपतचा नकाशा झाला. फौजा दिसताहेत मला, माणसं कुठे आहेत?"

इतिहासाच्या पुस्तकात लाल बाण म्हणजे चाल करून येणारं सैन्य, हे आपण चौथीपासून शिकतो. त्याच खुणेने आपण बोटीतल्या बायकामुलांना दाखवत होतो. शिवाय बाण सरळ असतो, आणि माणूस सरळ जात नाही. सुदानहून निघालेला मुलगा लिबियात दोन वर्षं अडकतो, परत फिरतो, ट्युनिशियात मजुरी करतो, पुन्हा निघतो. कित्येक तर युरोपला जायला निघालेलेच नसतात, शेजारच्या देशात काम शोधायला निघालेले असतात. बाण हे सगळं पुसून टाकतो आणि टोक तेवढं ठेवतो. बाणाची जाडी कशी ठरवायची हा आणखी एक घोळ. पकडल्या गेलेल्यांची संख्या ही पकडण्याची संख्या असते. एकच माणूस दोन हद्दींवर दोनदा मोजला जाऊ शकतो.

म्हणून आम्ही बाण काढून टाकले आणि थांबण्याच्या जागा दाखवल्या. छावणी, बंदर, कुंपण, नोंदणी केंद्र, विमानतळ. जिथे माणूस थांबतो तिथे गोल. किती काळ थांबावं लागू शकतं याचा कायद्यात आकडा असेल, तर गोलाच्या बाजूला तो लिहिला आहे.

कुंपणं किती आहेत आणि कुठे?

सगळी इथे लिहीत नाही, नकाशावर तपकिरी दातेरी रेषा आहेत. ठळक तेवढी सांगते. ग्रीसने तुर्कस्तानच्या हद्दीवर एव्रोस नदीपाशी २०१२ मध्ये पहिलं कुंपण घातलं. हंगेरीने सर्बियाच्या बाजूने २०१५ मध्ये सुमारे १७५ किलोमीटर बांधलं. पोलंडने बेलारूसच्या हद्दीवर २०२२ मध्ये साडेपाच मीटर उंचीची पोलादी भिंत उभी केली, सुमारे १८६ किलोमीटर. फिनलंडने रशियाच्या हद्दीवरचे सगळे जमिनी नाके डिसेंबर २०२३ मध्ये बंद केले.

समुद्रात काळे ठिपके कसले आहेत?

बुडालेल्यांचे.

आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना २०१४ पासून वाटेत मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या लोकांची नोंद ठेवते. एकट्या भूमध्य समुद्रात ती संख्या तीस हजारांच्या पुढे गेली आहे. एक ठिपका म्हणजे शंभर माणसं, असं प्रमाण धरूनही सिसिली आणि लिबियाच्या मधला भाग इतका भरला की खालची निळाई दिसेनाशी झाली. आणि ही फक्त कळलेल्या मृत्यूंची संख्या आहे. ज्या बोटीतलं कोणीच वाचलं नाही, ती बोट बहुधा कोणत्याच यादीत नसते.

३ ऑक्टोबर २०१३ रोजी लाम्पेदूझा बेटाजवळ एक बोट पेटून बुडाली, साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर इटलीने 'मारे नोस्त्रुम' ही नौदलाची बचाव मोहीम काढली आणि वर्षभरात लाखाहून अधिक लोकांना पाण्यातून वर काढलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती बंद झाली. पुढे आलेल्या मोहिमांचा भर राखणीवर राहिला.

१४ जून २०२३ ला लिबियातल्या तोब्रुकहून निघालेली एक मासेमारी बोट ग्रीसच्या पायलोसजवळ उलटली. आत सुमारे साडेसातशे माणसं होती असा अंदाज आहे. वाचली १०४. ही तारीख नकाशावर लिहिताना माझ्या विद्यार्थिनीचा हात थांबला, कारण त्याच दिवशी सकाळी तिने शेंगेन गावापाशी तीच तारीख लिहिली होती. १४ जून, फक्त साल १९८५.

जरीपटक्याचे एक काका इथे येऊन गेले, पंच्याऐंशीच्या आसपासचे. ते याच ठिपक्यांपाशी उभे राहिले. म्हणाले, "आम्ही पण बोटीनंच आलो होतो, कराचीहून मुंबईला. मला बोटीचं नाव अजून पाठ आहे. या बोटींना नाव असतं का हो बेटी?" मी सांगितलं, बहुतेकींना नसतं. पायलोसच्या बोटीचं होतं, आद्रियाना. त्यांनी आपल्या हाताने ते नाव त्या ठिपक्याजवळ देवनागरीत लिहिलं. अक्षर वेगळं दिसतं ते त्यामुळे. ते तसंच ठेवणार आहोत.

लिबिया, ट्युनिशिया, तुर्कस्तान हे युरोपात नाहीत. मग ते निळ्या पट्ट्यात का?

कारण युरोपची सीमा आता तिथून सुरू होते. १८ मार्च २०१६ रोजी युरोपीय संघ आणि तुर्कस्तानमध्ये समझोता झाला. ग्रीक बेटांवर पोचलेल्या लोकांना तुर्कस्तानने परत घ्यायचं आणि बदल्यात निर्वासितांसाठी सहा अब्ज युरोपर्यंत निधी. २०१७ च्या फेब्रुवारीत इटलीने लिबियाशी सामंजस्य करार केला, त्यातून लिबियाच्या तटरक्षकांना मदत मिळू लागली. जुलै २०२३ मध्ये संघाने ट्युनिशियाशी आणि मार्च २०२४ मध्ये मॉरिटानियाशी समझोते केले.

यामागचं कायद्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. १९५१ च्या जिनिव्हा करारातलं ३३ वं कलम सांगतं की ज्या ठिकाणी माणसाच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे त्याला परत ढकलता येणार नाही. इटलीच्या जहाजांनी २००९ मध्ये समुद्रात पकडलेल्या लोकांना थेट लिबियात नेऊन सोडलं. २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं: जहाज तुमचं, तर त्यावरच्या माणसाची जबाबदारीही तुमची. यातून एक पळवाट निघते. माणूस तुमच्या जहाजावर यायच्या आधीच दुसऱ्या कोणी अडवला, तर? मला हे मान्य नाही, आणि नकाशावर तसं दिसावं म्हणूनच तो पट्टा युरोपच्याच निळ्या रंगात आहे.

इटलीने नोव्हेंबर २०२३ मध्ये अल्बानियाशी करार करून तिथे आश्रय अर्जदारांसाठी स्वतःची केंद्रं उभारली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ती सुरू होताच प्रकरण न्यायालयात गेलं. आश्रय अर्जदारांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवण्याची ब्रिटनची योजना २०२२ ची. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने ती गुंडाळली. ही दोन्ही ठिकाणं नकाशावर पोकळ गोलांनी दाखवली आहेत.

डब्लिन नियम म्हणजे काय?

ज्या देशात माणूस पहिल्यांदा आत आला, साधारणपणे त्याच देशाने त्याचा आश्रयाचा अर्ज बघायचा. १९९० चा मूळ करार, नंतर २००३ आणि २०१३ चे नियम. बोटांचे ठसे युरोडॅक नावाच्या साठ्यात जातात, म्हणून जर्मनीत पोचलेल्याला "तू आधी ग्रीसमध्ये होतास" असं सांगता येतं. भूगोल बघितला की यातला अन्याय लगेच दिसतो. ग्रीस, इटली, माल्टा, स्पेन कडेला आहेत. लक्झेंबर्गच्या चारही बाजूंना दुसरे शेंगेन देश. तिथे पहिल्यांदा कोणी पोचणार तरी कसं, विमानातून सोडून?

युक्रेनचे लोक मात्र लगेच कसे सामावले गेले?

त्यासाठी वेगळा कायदा वापरला गेला. युगोस्लाव्हियाच्या युद्धांनंतर २००१ मध्ये 'तात्पुरत्या संरक्षणा'चा एक निर्देश तयार झाला होता, तो एकवीस वर्षं न वापरता पडून होता. ४ मार्च २०२२ रोजी, युद्ध सुरू होऊन दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा, तो पहिल्यांदा लागू केला. एकेकाचा अर्ज तपासत न बसता राहण्याचा, कामाचा, शाळेचा हक्क. चाळीस लाखांहून अधिक लोकांना त्याचा लाभ मिळाला.

२०१५ मध्ये समुद्रमार्गे दहा लाखांहून अधिक लोक युरोपात आले, त्यांत सीरियाचे पुष्कळ. तेव्हा हा निर्देश कपाटातच राहिला. नकाशावर या दोन वर्षांचे रकाने आम्ही शेजारी शेजारी ठेवले आहेत.

निर्वासित, शरणार्थी, स्थलांतरित, घुसखोर: तुम्ही कोणता शब्द वापरता?

यावर आम्ही एक अख्खा रविवार घालवला. निर्वासित म्हणजे जिथे वास होता तिथून उखडला गेलेला. फाळणीनंतर हा शब्द मराठीत घट्ट रुजला. शरणार्थी म्हणजे आश्रय मागणारा, म्हणून ज्याचा अर्ज अजून निकालात निघालेला नाही त्याच्यासाठी आम्ही 'आश्रय अर्जदार' किंवा 'शरणार्थी' लिहितो आणि ज्याला दर्जा मिळाला त्याला 'निर्वासित'. कामासाठी जाणारा तो स्थलांतरित. 'घुसखोर' नकाशावर कुठेही नाही. तो शब्द अर्ज वाचायच्या आधीच निकाल देऊन मोकळा होतो. धोक्याच्या देशातून थेट, विनापरवाना हद्द ओलांडून आलेला निर्वासित लगेच स्वतःहून पुढे आला, तर त्याबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही, असं तोच जिनिव्हा करार सांगतो. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, हेही इथे सांगायला हवं.

जरीपटक्याच्या काकांना मी विचारलं होतं, तुम्हाला निर्वासित म्हटलेलं कसं वाटायचं? "लहानपणी राग यायचा. पण रेशनकार्डाला उपयोगी पडायचा," म्हणाले.

माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. या नकाशाचा मला काय उपयोग?

बराच आहे. उजवीकडचा हिरवा रकाना तुमच्यासाठीच केला आहे, कारण येणाऱ्यांत निम्मे तरी जर्मनीला निघालेली पोरं आणि त्यांचे आईवडील असतात.

शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा म्हणजे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. हे २९ देशांत मिळून आहे, दर देशाला ९० नाही. इथे खूप जण चुकतात. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक सवलत आली: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नियमाने वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून हद्दीवर शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यामुळे ९० दिवसांचा हिशेब आता यंत्र ठेवतं.

नोकरीचे नियम मात्र ज्या त्या देशाचे. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा राहण्याचा आणि कामाचा परवाना, संघभर चालतं असं सांगितलं जातं, पण डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत. जर्मनीने जून २०२४ पासून 'संधी कार्ड' सुरू केलं, ज्यावर तिथे जाऊन नोकरी शोधता येते. भारतीयांसाठी कुशल कामगारांच्या व्हिशांची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजार करण्याची घोषणा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. महाराष्ट्र शासनाचा बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करारही त्याच वर्षीचा.

म्हणजे ज्या महिन्यांत एका दारावर कुंपण चढतंय, त्याच महिन्यांत शेजारचं दार आपल्या नर्स, इलेक्ट्रिशियन आणि ड्रायव्हरसाठी उघडतंय. नकाशात दोन्ही एकाच कागदावर आहेत. आपल्या मुलांनी ते एकत्र बघावं असं मला फार वाटतं.

एजंट म्हणतो, सर्बियात व्हिसा लागत नाही, तिथून पुढे सोय करतो. खरं आहे का?

नाही. पैसे देऊ नका. सर्बियात भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय जाता यायचं, ती सवलत १ जानेवारी २०२३ पासून बंद झाली. युरोपीय संघाने सर्बियावर दबाव आणला, कारण त्या वाटेने लोक पुढे सरकत होते. ती 'पुढची सोय' म्हणजे रात्री जंगलातून हंगेरीच्या त्या १७५ किलोमीटर कुंपणापर्यंत चालणं. गोंदियाकडच्या एका मुलाचे वडील इथे आले होते. त्यांनी दीड एकर धान्याची जमीन गहाण टाकून एका एजंटाला आगाऊ रक्कम दिली होती. नकाशावर ती तारीख त्यांनी दोनदा वाचली आणि खिशातून एजंटाने लिहून दिलेला कागद काढला. त्यावरची तारीख २०२४ ची होती.

कायदे बदलतात. मग नकाशा जुना होणार नाही का?

होतो, म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी तारीख आहे. सगळ्यांत मोठा बदल स्थलांतर आणि आश्रयाच्या नव्या करारनाम्याचा. दहा कायद्यांचा तो गठ्ठा मे २०२४ मध्ये मंजूर झाला, लागू होण्याची तारीख १२ जून २०२६. हद्दीवर सात दिवसांत प्राथमिक छाननी, काही अर्जांचा निकाल हद्दीवरच बारा आठवड्यांत. कडेच्या देशांवरचा भार वाटून घ्यायचा: एकतर माणसं घ्या, नाहीतर माणशी २० हजार युरो भरा, किंवा दुसऱ्या स्वरूपात मदत करा. बोटांचे ठसे पूर्वी चौदा वर्षांपुढच्यांचे घेत, आता सहा वर्षांच्या मुलांपासून. या नोंदी आम्ही पारदर्शक कागदावर वेगळ्या काढल्या आहेत. तो कागद जुन्या नकाशावर ठेवला की काय हललं ते दिसतं.

असा नकाशा आम्हाला शाळेत करता येईल का?

नक्की करा. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. हद्दींसाठी नॅचरल अर्थ नावाचा नकाशांच्या माहितीचा मोफत साठा आहे. पण त्यातल्या भारताच्या हद्दी तशाच वापरू नका. भारत दाखवायचा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाबरहुकूमच दाखवा. तसा कायदा १९६१ पासून आहे, आमच्या मुंबईच्या चौकटीतही आम्ही तो पाळला आहे. युरोपपासून सुरुवात केलीच पाहिजे असंही नाही. माझ्या सातवीच्या मुलींनी आधी आपल्या वस्तीचा नकाशा केला: कोणाचं कुटुंब कुठून आलं, बालाघाट, रायपूर, गोंदिया, आणि वाटेत कोणता कागद मागितला गेला. एका मुलीने छत्तीसगडचं रेशनकार्ड काढलं होतं, त्यावर लाल पेनने फुली.

नकाशात चूक दिसली तर?

सांगा. पेन्सिल खिळ्याला दोरीने बांधून ठेवली आहे, ती त्यासाठीच. जर्मनी-ऑस्ट्रिया हद्दीवरच्या पासाउ शहरापाशीची तुटक खूण तशीच आली. माझी एक जुनी विद्यार्थिनी ऑस्ट्रियातून रेल्वेने जर्मनीत येत होती. गाडी हद्दीवर थांबली, पोलीस चढले, डब्यातल्या चौघांचेच कागद मागितले. तिने तिथूनच फोन केला, "मॅडम, तुमच्या नकाशात इथे काही नाही, पण इथे आहे." दुसऱ्या दिवशी ड्राफ्ट्समन काकांनी खूण केली आणि शेजारी तिने सांगितलेली गाडीची वेळ लिहिली.